खांद्याला लागलेलं कुलूप

फ्रोजन शोल्डर म्हटलं, की कुणी मालिशवाल्याचा नंबर देतं, तर कुणी थेट ऑपरेशनची भीती घालतं. खरं तर बहुतेक खांदे ऑपरेशनशिवाय सुटतात. फक्त कुठल्या टप्प्यावर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे ठाऊक हवं!

ऑफिसच्या कँटीनमध्ये जरा कान देऊन ऐका. ‘मान धरलीय’, ‘पाठ गेलीय’, ‘माऊसनं मनगटाची वाट लावली’ ही तर नेहमीची रेकॉर्ड. त्यात आता आणखी एका दुखण्याची भर पडलीय. दिवसभर स्क्रीनसमोर बसून खांदा जरा ठणकला, की निदान तयार: ‘यार, मला बहुतेक फ्रोजन शोल्डर झालाय!’

एक मिनिट. तुम्ही पंचविशी-तिशीत असाल, तर तो बहुतेक झालेला नाही. हा पाहुणा येतो साधारण चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांकडे जास्त. जपानी भाषेत तर याचं बोलीतलं नावच ‘गोजूकाता’, म्हणजे पन्नाशीचा खांदा! तेव्हा ऑफिसात तो सापडलाच, तर बॉसच्या केबिनमध्ये सापडेल. आणि घरात सापडला, तर आईच्या खांद्यात.

मग ही भानगड आपण कशाला वाचायची? कारण आई सांगणार नाही. तिचा हात वर जात नाही, हे घरात सगळ्यात शेवटी कळतं. ती अंबाडा घालायचं सोडून नुसती क्लिप लावायला लागते. वरच्या फळीवरचे डबे हळूच ओट्यावर येतात. डोक्यातून घालायचे कुर्ते कपाटात मागे जातात आणि पुढे बटणं असलेले वर येतात. बाबांचं असेल, तर पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट शर्टाच्या खिशात जातं. घरच्यांना वाटतं, सवयी बदलल्या. तोपर्यंत तीन-चार महिने निघून गेलेले असतात, आणि नेमके तेच महिने उपचारांसाठी सगळ्यात मोलाचे असतात.

आत होतं तरी काय?

खांदा हा आपल्या शरीरातला सगळ्यात मोकळाढाकळा सांधा. गोल्फचा चेंडू छोट्याशा टीवर ठेवावा, तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं एका उथळ वाटीत टेकलेलं असतं. म्हणून तर हात वर, खाली, मागे, गोल, कसाही फिरतो. या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. डॉक्टर तिला ‘कॅप्सूल’ म्हणतात. निरोगी खांद्यात ही पिशवी छान सैल असते, तिला घड्या असतात. हात वर नेला, की घड्या उलगडतात.

फ्रोजन शोल्डरमध्ये या पिशवीला आधी सूज येते. मग ती जाड होते, चिवट होते आणि आकसते. गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर आठवा. माणूस तोच, पण स्वेटर आता डोक्यातून जाईना! तसंच इथे. हाड ठीक असतं, स्नायू ठीक असतात, पण वरचं आवरण आटलेलं असतं. हात उचलायला गेलं, की तो एका ठिकाणी येऊन अडतो. ‘जोर कमी पडतोय’ असं इथे होत नाही. दाराला आतून कडी घातल्यासारखं होतं.

‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव रूढ केलं बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननं, १९३४ मध्ये. हा आजार नेमका सांगायला, समजवायला आणि बरा करायला, तिन्ही बाबतींत अवघड आहे, अशी कबुलीही त्यानं तेव्हाच देऊन टाकली होती. पुढे १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हियासर यांनी याला ‘अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’ म्हटलं. आपल्याकडचे काही डॉक्टर चिठ्ठीवर ‘पीए शोल्डर’, म्हणजे ‘पेरिआर्थरायटिस’, असं लिहितात. तेव्हा तीन डॉक्टरांनी तीन नावं सांगितली, तर तीन आजार झाले म्हणून घाबरू नका.

हा होतो कशामुळे? बऱ्याच जणांच्या बाबतीत ठोस कारण सापडतच नाही. काहींचा खांदा पडल्यानंतर, प्लास्टरनंतर, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर आखडतो, कारण हात बरेच दिवस हललेला नसतो. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांना धोका जास्त. आणि सगळ्यात मोठा साथीदार म्हणजे मधुमेह. त्याच्याकडे येऊच.

दोन मिनिटांची परीक्षा

प्रत्येक दुखरा खांदा ‘फ्रोजन’ नसतो. घरच्या घरी एक साधी तपासणी करून बघता येते.

कोपर कमरेला चिकटवा आणि काटकोनात वाका. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा हात. आता कोपर कमरेपासून न सोडता पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा, जसं दार उघडतो तसं. दोन्ही हातांची तुलना करा. फ्रोजन शोल्डरमध्ये ही हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त अडते.

आता दुसरा भाग. तुम्ही हात सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो अलगद फिरवू दे. अलगद हा शब्द महत्त्वाचा! स्वतःला जमत नव्हतं, पण दुसऱ्यानं केल्यावर हात सहज गेला, तर गडबड बहुधा स्नायूंत किंवा त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांत आहे. दुसऱ्यानं फिरवूनही हात तिथेच अडला, तर संशय फ्रोजन शोल्डरचा. आणि मान वळवल्यावर कळ थेट बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर खांदा बिचारा निर्दोष आहे. मानेकडे बघा.

ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे. निदान अस्थिरोगतज्ज्ञ, म्हणजे आपले ऑर्थोपेडिक डॉक्टर, हात फिरवून बघूनच करतात. सोबत एक्स-रे काढतात. फ्रोजन शोल्डरचा एक्स-रे सहसा नॉर्मल येतो! मग तो काढायचा कशाला? तर सांध्याची झीज, निखळलेला सांधा किंवा हाडाचं दुसरं काही दुखणं नाही ना, याची खात्री करायला. एमआरआय मात्र प्रत्येकाला लागत नाही. स्नायूची दोरी फाटल्याची शंका असेल, तर गोष्ट वेगळी.

नाटक तीन अंकी

या आजाराची गंमत म्हणा किंवा छळ म्हणा, तो ठरल्यासारखा तीन अंकांत घडतो.

पहिला अंक: गोठण्याचा. साधारण २ ते ९ महिने. यात हीरो दुखणं. हात सरकन मागे गेला, की डोळ्यांसमोर काजवे. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, झोपमोड होते, सकाळी चिडचिड. हालचाल हळूहळू कमी होत जाते.

दुसरा अंक: गोठलेला. साधारण ४ ते १२ महिने. आता ठणका कमी होतो, पण खांदा घट्ट. केस विंचरणं, पाठ चोळणं, गाडीचा सीटबेल्ट ओढणं, सगळंच अवघड.

तिसरा अंक: वितळण्याचा. ५ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. हात सुटत जातो. रोज कळत नाही इतक्या सावकाश, पण जातो.

सगळं मिळून सहसा एक ते तीन वर्षं. जिथे दहा मिनिटांत किराणा दारात येतो, तिथे हा आकडा ऐकूनच माणूस खचतो. आणि इथेच दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो, ‘काही करू नका, आपोआप बरं होतं.’ दुसरा म्हणतो, ‘आजच मोकळा करून देतो.’ दोघांचंही ऐकू नका.

पहिल्याचं का नाही? कारण ‘आपोआप’ हे पूर्ण खरं नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या खांद्यात थोडं दुखणं किंवा थोडा आखडलेपणा शिल्लक होता. रोजचं काम बहुतेकांचं नीट चालू होतं, पण खांदा शंभर टक्के पहिल्यासारखा झाला नव्हता. आणि उपचार केले, तर पहिल्या अंकातल्या त्या जागरणाच्या रात्री तरी कमी करता येतात. तेवढ्यासाठीही डॉक्टरांकडे जाणं वसूल आहे.

दुसऱ्याचं का नाही, ते आता बघू.

जोर लावाल तर पस्तावाल

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रोजन शोल्डरचे ७७ रुग्ण. एका गटाला जोरदार फिजिओथेरपी, दुखण्याची हद्द ओलांडून ताणायचं. दुसऱ्या गटाला सांगितलं, की दुखण्याच्या हद्दीतच हात हलवा, झेपेल तेवढं रोजचं काम करा, आम्ही लक्ष ठेवतो. दोन वर्षांनी हिशेब मांडला. सौम्य गटातल्या ८९ टक्के रुग्णांचे खांदे चांगल्या स्थितीला पोहोचले होते. जोरदार गटात हा आकडा होता ६३ टक्के!

म्हणजे व्यायाम वाईट का? मुळीच नाही. सौम्य गटही हात हलवतच होता. मुद्दा वेळेचा आहे. पहिल्या अंकात पिशवी सुजलेली असते, आत आग पेटलेली असते. तेव्हा तिला खेचणं म्हणजे खपली धरू पाहणारी जखम पुन्हा पुन्हा उघडणं. तीच ताणाताणी दुसऱ्या अंकात, दुखणं बसल्यावर, हळूहळू वाढवत नेली तर उपयोगी पडते.

आता मालिशवाल्यांकडे वळू. तेल लावून हलक्या हातानं मान-पाठ चोळून घेतली, तर आखडलेले स्नायू सैल पडतात, बरं वाटतं. त्याला कुणाची ना नाही. पण आकसलेली पिशवी स्नायूंच्या खाली खोल आत असते. वरून चोळून ती सैल होत नाही. आणि ‘एक झटका दिला की सुटलाच’ म्हणणारा भेटला, तर तिथून काढता पाय घ्या. पाळी गेल्यानंतर बऱ्याच बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात. अशा हाताला झटका दिला, तर खांदा सुटायच्या ऐवजी हाडच मोडू शकतं.

साखर बघितली का?

सगळ्या लोकांत मिळून फ्रोजन शोल्डर साधारण २ ते ५ टक्के लोकांना होतो. मधुमेह असणाऱ्यांत मात्र हे प्रमाण १० ते २० टक्क्यांपर्यंत जातं. रक्तात जास्त साखर दीर्घकाळ राहिली, की ती शरीरातल्या कोलॅजनला, म्हणजे दोऱ्या आणि पिशव्या ज्यापासून बनतात त्या प्रथिनाला, चिकटते. त्यानं ते ताठर होतं. मधुमेहींचा खांदा जास्त हट्टी असतो आणि बरा व्हायला वेळही जास्त घेतो, तो यामुळेच, असं मानलं जातं.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर १३ कोटींहून जास्त. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला साखर आहे, हे माहीतच नसतं. म्हणून खांदा आखडला, तर खांद्याच्या डॉक्टरांकडे जातानाच ‘एचबीए१सी’ ही रक्ततपासणी करून घ्या. आधीच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी ती सांगते. ५.७ पेक्षा कमी असेल तर उत्तम. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, तो पक्का करायला डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात. सोबत थायरॉइडचीही होऊन जाऊ दे. कित्येकदा खांद्याच्या निमित्तानं साखर सापडते, आणि खांद्यापेक्षा तीच बातमी जास्त महत्त्वाची ठरते.

इंजेक्शन घ्यावं का?

पहिल्या अंकाचा फंडा एकच: आधी दुखणं काबूत आणा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. अ‍ॅसिडिटी, किडनी किंवा बीपीचा त्रास असेल, तर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या महागात पडतात. शेक गरम की थंड? ज्यानं बरं वाटेल तो.

यानं भागलं नाही, तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. ‘स्टेरॉइड’ ऐकलं, की घरात लगेच बैठक बसते. जिममध्ये दंड फुगवायला काही जण घेतात ते स्टेरॉइड वेगळं, हे वेगळं. हे सूज उतरवणारं औषध, तेही थेट दुखऱ्या जागी. २०२० मध्ये ६५ अभ्यास आणि ४,०९७ रुग्णांची माहिती एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन सुरुवातीच्या काही महिन्यांत इतर उपायांपेक्षा जास्त आराम देतं. त्याला घरच्या व्यायामाची जोड दिली, तर आणखी चांगलं.

यातही वेळेलाच महत्त्व. आजार जितका ताजा, तितका इंजेक्शनचा उपयोग जास्त. वर्षभरानं, दुखणं बसून नुसता घट्टपणा उरल्यावर, त्यातून फारसं हाती लागत नाही. एक सूचना मधुमेहींसाठी: इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. डॉक्टरांना आधी सांगा आणि त्या दिवसांत घरी साखर तपासत राहा. आणि ‘बरं वाटलं म्हणून अजून चार घेऊ’ असं करायचं नसतं.

आणखी एक उपाय म्हणजे ‘हायड्रोडायलेटेशन’. नाव अवघड, कल्पना सोपी. सोनोग्राफी किंवा एक्स-रेमध्ये बघत सुईनं सांध्याच्या पिशवीत सलाइन, भूल देणारं औषध आणि स्टेरॉइड सोडतात. फुगा आतून फुगवावा, तशी आकसलेली पिशवी ताणली जाते. पूर्ण भूल लागत नाही, काम झालं की त्याच दिवशी घरी. काही ठिकाणी खांद्याला संवेदना पुरवणाऱ्या नसेत भुलीचं इंजेक्शन देऊनही दुखणं कमी करतात. कुठलाही उपाय केला, तरी पुढचं काम व्यायामाचंच!

फिजिओकडे जाताना

चांगली फिजिओथेरपिस्ट पहिल्याच भेटीत विचारते, ‘रात्री दुखतं का?’ कारण त्या उत्तरावरून अंक कळतो आणि अंकावरून व्यायाम ठरतो. रात्रीचं दुखणं असेल, तर हलक्या हालचाली. दुखणं बसून घट्टपणा उरला असेल, तर ताण. हात सुटायला लागला, की ताकदीचे व्यायाम.

पण रोज अर्धा तास नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील, तर सरळ विचारा, ‘घरी मी काय करायचं?’ मशीनच्या शेकानं तात्पुरता आराम पडेल. खांदा सुटतो तो घरी केलेल्या व्यायामानं.

चौकट: घरचे चार व्यायाम

(आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा. त्यांनी वेगळं सांगितलं, तर त्यांचं ऐका.)

लंबक: चांगल्या हातानं टेबलाचा आधार घेऊन पुढे वाका. दुखरा हात सैल लोंबू दे. शरीर हलकेच झुलवा, म्हणजे हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलेल. स्नायूंनी हात हलवायचा नाही. पहिल्या अंकातही हा चालतो. याला कॉडमनचंच नाव आहे!

भिंतीवरचा कोळी: भिंतीसमोर उभं राहा. बोटांनी हळूहळू भिंत चढा. कळ यायला लागली, की थांबा, दोन श्वास घ्या, खाली या. खांदा कानाकडे उचलून फसवायचं नाही.

छत्रीचा व्यायाम: पाठीवर झोपा, कोपरं कमरेला. दोन्ही हातांत आडवी छत्री किंवा काठी धरा. चांगल्या हातानं ढकलत दुखरा हात बाहेर न्या. ती अडलेली ‘दार उघडायची’ हालचाल यानं परत येते.

पंचाचा व्यायाम: हा नंतरच्या टप्प्यातला. पाठ पुसतो तसा पंचा पाठीमागे धरा. वरच्या, चांगल्या हातानं तो हलकेच वर ओढा.

किती वेळा? रविवारी एकदम तासभर करण्यापेक्षा रोज पाच-दहा मिनिटं, तीन-चार वेळा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर केलेत तर हात जास्त साथ देतो. नियम एकच: व्यायामाची कळ थोड्या वेळात बसली पाहिजे. रात्रभर ठणकलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

मग ऑपरेशन कुणासाठी?

ऑपरेशनचे दोन प्रकार. एकात पूर्ण भूल देऊन डॉक्टर हात फिरवतात आणि आकसलेली पिशवी मोकळी करतात. दुसऱ्यात दुर्बिणीतून बघत ती कापून सैल करतात.

याची तुलना ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झाली. ‘यूके फ्रॉस्ट’ या नावाचा हा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटाला स्टेरॉइड इंजेक्शन आणि बारा भेटींपर्यंत फिजिओथेरपी. दुसऱ्या गटाचा खांदा भुलीखाली फिरवला. तिसऱ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया. वर्षभरानं खांद्याला ४८ पैकी गुण दिले. दुर्बिणीचा गट ४० च्या आसपास, भुलीचा ३८ आणि फिजिओचा ३७. रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवावा इतका फरक तिन्हींत नव्हता! गंभीर गुंतागुंत तशी दुर्मीळच, पण झाली ती ऑपरेशनवाल्यांना. दुसरी बाजूही सांगायला हवी. फिजिओच्या गटातल्या जास्त जणांना, साधारण १५ टक्क्यांना, पुढे आणखी उपचार घ्यावे लागले.

थोडक्यात काय, तर ऑपरेशन ही शेवटची पायरी. सहा-आठ महिने नीट, मनापासून उपचार करूनही खांदा हलत नसेल, रोजचं काम अडत असेल, तर त्या पायरीचा विचार डॉक्टरांबरोबर बसून करावा. आणि ऑपरेशननंतरही फिजिओ चुकत नाही. ‘ऑपरेशन केलं, आता व्यायाम नको’ असं कुणी समजत असेल, तर तो भ्रम आधीच दूर केलेला बरा.

ऑफिस आणि घर, दोन्हीकडे

झोप: पाठीवर झोपा, दुखऱ्या दंडाखाली एक पातळ उशी. कुशीवर झोपायचं तर चांगल्या बाजूवर, दुखरा हात पुढे उशीवर टेकवून.

कपडे: घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. एवढ्या एका युक्तीनं सकाळचं निम्मं रडगाणं संपतं.

डेस्क: माऊस आणि कीबोर्ड अंगाजवळ. हात लांब करून काम करायचं नाही. जड लॅपटॉप बॅग दुखऱ्या खांद्यावर नको. पाठीवरच्या बॅगेत अडकवताना हात मागे न्यावा लागतो, तेव्हा चाकाची बॅग बरी.

प्रवास: मेट्रोत किंवा लोकलमध्ये वरची कडी दुखऱ्या हातानं पकडू नका. एक झटका बसला, की आठवड्याची कमाई पाण्यात. दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट फिरत नसतील, तर गाडी चालवू नका.

झोळी: हात गळ्यात बांधून ठेवायचा मोह होतो. टाळा. न हललेला खांदा आणखी आखडतो.

ऑफिसात कुणाला हा त्रास असेल, तर लक्षात ठेवा, बाहेरून काहीच दिसत नाही. प्लास्टर नाही, पट्टी नाही, सूज नाही. रात्री तीन वेळा जाग आलेला माणूस सकाळच्या मीटिंगमध्ये तोंड पाडून बसला, तर त्याला ‘अ‍ॅटिट्यूड’ म्हणू नका.

एक दिलासा: तोच खांदा पुन्हा गोठणं फार क्वचित. पण काही जणांना पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या बाजूला त्रास होतो. त्या वेळी निदान उशीर तरी व्हायला नको!

चौकट: इथे थांबायचं नाही

डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्यात कळ असेल, तर ताबडतोब हॉस्पिटल. हे हृदयाचं असू शकतं. पडल्यावर खांद्याचा आकार बदलला, हात एकदम उचलेनासा झाला, ताप येऊन सांधा लाल-गरम झाला, गाठ लागली किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर वरचे व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आज रात्री एवढं करा

जेवणं झाल्यावर आईला समोर उभं करा. कोपर कमरेला, पंजा बाहेर. दहा सेकंदांचं काम आहे. ‘मला काही होत नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा आणि तरीही करा. हात अडला, तर या आठवड्यातली डॉक्टरांची आणि रक्ततपासणीची वेळ तुम्हीच घ्या. ती ‘बघू नंतर’ म्हणणार, हे आपल्याला काय नवीन आहे?

मग दाराच्या चौकटीवर, लहानपणी तुमची उंची मोजायचे तशी, तिच्या हाताच्या उंचीची पेन्सिलनं खूण करा. शेजारी तारीख लिहा. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. रोज बघाल तर काहीच हलल्यासारखं वाटणार नाही, आणि न हलणाऱ्या गोष्टीचा माणसाला कंटाळा येतो. महिन्यानं मात्र खूण बोटभर वर गेलेली असेल. गेली, तर त्या दिवशीचा चहा तुम्ही करायचा. आणि नाही गेली, तरीही तुम्हीच!